देवळावर घुमट, चर्चवर उघडा चिरा: गोव्यातल्या 'विचित्र' वास्तू आल्या कुठून

पुण्या-नाशकाकडचे पाहुणे पहिल्यांदा मंगेशीच्या देवळात आले की आवारातल्या सात मजली दीपस्तंभापाशी थबकतात आणि हमखास विचारतात, "हे आधी चर्च होतं का हो?" प्रश्न अगदीच भाबडा नाही. देशावरची दीपमाळ म्हणजे जेजुरीसारखा दगडी खांब आणि त्यातून बाहेर काढलेले दगडी हात. इथे मात्र मजल्यावर मजला, त्यांना कमानी, वर चुन्याचा पांढरा गिलावा. मागे बघावं तर गाभाऱ्यावर ओळखीचं शिखर नाही, अष्टकोनी बैठकीवर घुमट बसलेला.

हटके इमारती शोधत जगभर फिरणाऱ्यांची एक जमातच आहे. फ्रान्समध्ये शेव्हाल नावाच्या पोस्टमनने टपाल वाटताना वाटेत उचललेल्या दगडांतून १८७९ ते १९१२ अशी ३३ वर्षं खपून एक महाल उभा केला, तो बघायला लोक आडगावी जातात. चंडीगडला नेकचंद यांनी सरकारी जागेत गुपचूप मांडलेलं रॉक गार्डन १९७६ साली खुलं झालं, तिथेही तीच गर्दी. अशा ठिकाणांमागे बहुतेकदा एका माणसाचं वेड असतं. गोव्यात तसा एकांडा वेडा शोधू गेलात तर हाती फारसं लागणार नाही. इथे सापडतात फर्मानं, पळापळ, चार महिन्यांचा पाऊस आणि देवळावरून चर्चवर, चर्चवरून देवळावर कामाला जाणारे गवंडी.

तिसवाडी, म्हणजे पणजी आणि जुन्या गोव्याचा भाग, पोर्तुगिजांनी १५१० साली घेतली. बार्देश आणि सासष्टी हे शेजारचे महाल १५४३ साली त्यांच्याकडे गेले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि १५६० नंतर सासष्टीची पाळी आली. गावकऱ्यांनी देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पलीकडचा अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. आता फोंड्याच्या परिसरात इतकी मोठी देवस्थानं एकमेकांना खेटून का, याचं उत्तर एवढंच आहे. ती सगळी निर्वासित दैवतं.

आल्या आल्या भव्य मंदिरं बांधायला पैसा कुणाकडे होता? तो आला अठराव्या शतकात, मराठ्यांच्या दरबारी वजन असलेल्या इथल्याच भक्तांमार्फत. कवळ्याचं आजचं मंदिर १७३८ च्या सुमारास पूर्ण झालं, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने. मंगेशीलाही त्याच काळात, १७३९ साली, पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्यामुळे गाव इनाम मिळालं.

तोवर नदीपलीकडे चर्च बांधायला लागून दीड-दोन शतकं उलटली होती. कमान कशी वळवायची, चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या, भिंतीवर चुन्याचा गिलावा कसा चढवायचा, भिंतीला चिकटलेले अर्धे खांब कसे काढायचे, हे इथल्या गवंड्यांच्या हातात मुरलेलं होतं. घुमट तर विजापूरकरांचेही डोळ्यांसमोर होते. खुद्द शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वरावरही घुमटच आहे. फोंडा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला तो १७६३ साली, म्हणजे कवळ्याचं देऊळ उभं राहिल्यावर. तेव्हा 'पोर्तुगिजांनी देवळांना चर्चचं रूप द्यायला लावलं' ही गाईड मंडळींची आवडती कथा इथे टिकत नाही. देवळाच्या मालकांनी आणि कारागिरांनी जे जमत होतं आणि डोळ्यांना भावत होतं ते बांधलं. सभामंडपावरची उतरती कौलं पावसाने ठरवली. त्यावर आज दिसणारी मंगळुरी कौलं मात्र अलीकडची. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना मंगळुरात सुरू झाला तोच १८६५ साली.

याआधीचं गोमंतकीय देऊळ कसं होतं ते बघायचं तर तांबडी सुर्लाला जावं. कदंब राजांच्या काळातलं काळ्या दगडाचं छोटंसं महादेवाचं देऊळ, दाट रानात असल्यामुळेच वाचलेलं.

देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली. गोव्यातल्या काही जुन्या चर्चमध्ये प्रवचनाचा लाकडी मंच नागकन्यांनी तोलून धरलेला दिसतो. आणि जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले आहेत. जवळ जाऊन बघा: तळहाताएवढे, जवळजवळ सपाट, घासून चौकोनी केलेले तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात. आतून उन्हाचा दुधी उजेड येतो, बाहेरून आतलं काही दिसत नाही. काच महाग होती आणि हा माल खाडीत फुकट. मला विचाराल तर गोव्यातली सगळ्यात हुशार वास्तुकल्पना ही. ती आता नूतनीकरणात भंगारात जाते, याचं वाईट वाटतं.

जुन्या गोव्याचं विचित्रपण वेगळ्या जातीचं, ते पडझडीतून आलेलं. साथींच्या रोगांनी शहर ओस पडलं, १८३५ साली ख्रिस्ती साधूंचे धार्मिक संघ बंद झाले आणि मठांना वाली उरला नाही. सेंट ऑगस्टीनच्या चर्चचं छत १८४२ साली कोसळलं, दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा तुकडा १९३१ साली. उरलेला सुमारे ४६ मीटरचा उभा चिरलेला मनोरा आज सगळे फोटोत घेतात. त्याची घंटा मात्र १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे.

आणि बॉम जेझुस? १६०५ साली पूर्ण झालेल्या या चर्चच्या बाहेरच्या भिंतींवर मुळात गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर, पोर्तुगीज राजवटीतच, इमारत 'अधिक प्राचीन' दिसावी म्हणून तो खरवडून काढला गेला. चिरा सच्छिद्र, उघडा पडला की पावसाचं पाणी पितो आणि झिजतो. म्हणून गिलावा पुन्हा चढवा, अशी मागणी चर्चमधूनच पुढे आली आहे. तांबड्या भिंतींचीच सवय झालेल्यांना ती पटत नाही.