ल्युपसचा माग आतड्यापर्यंत

ल्युपसचं निदान झालं की घरातले विचारतात, "हिला हे झालंच कसं?" 'हिला' म्हणायचं, कारण दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. गालांवर चट्टे, सांधेदुखी, न संपणारा थकवा, काहींच्या मूत्रपिंडांना सूज. जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. आनुवंशिकता, संप्रेरकं, ऊन यांचा त्यातला वाटा माहीत होता; आता संशोधकांचं लक्ष आतड्यातल्या जिवाणूंकडेही गेलं आहे.

२०१८ साली येल विद्यापीठातल्या मार्टिन क्रिगेल यांच्या गटानं ल्युपसची प्रवृत्ती असलेल्या उंदरांवर केलेलं काम मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं. एन्टरोकॉकस गॅलिनारम नावाचा जिवाणू आतड्याचं अस्तर ओलांडून आधी लसिकाग्रंथींत आणि तिथून यकृतात पोचलेला त्यांना आढळला. तिथे त्यानं प्रतिकारशक्तीला चिथावलं आणि स्वतःच्याच डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) वाढली. अँटिबायोटिक दिल्यावर उंदीर जास्त जगले. त्याहून विशेष म्हणजे, फक्त या जिवाणूविरुद्धची लस स्नायूत टोचली तरी तोच फायदा झाला. ल्युपसच्या काही रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांतही या जिवाणूचा डीएनए सापडला.

दुसरी वाट सारखेपणाची. ल्युपसमध्ये आरओ६० या आपल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, कधी कधी लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. त्याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन आपल्या अंगावरच्या आणि आतड्यातल्या काही जिवाणूंतही असतं. राग जिवाणूवरचा, मार आपल्या पेशींना. वड्याचं तेल वांग्यावर निघावं तसं. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांना २०१९ मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या शौचात रुमिनोकॉकस नेव्हस हा जिवाणू निरोगी लोकांच्या सुमारे पाचपट आढळला. अर्थात, जिवाणू वाढल्यानं आजार बळावतो की आजारामुळे जिवाणू वाढतो, हे नुसत्या मोजणीवरून ठरत नाही.

म्हणून दुकानातल्या प्रोबायोटिकच्या पुड्यांनी ल्युपस बरा होईल असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. मनानं अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नका; त्यानं उपयोगी जिवाणूही मरतात, आणि सल्फा गटातल्या गोळ्यांनी ल्युपस भडकूही शकतो. एकाच जिवाणूवर नेम धरणारी लस ही कल्पना आशादायक आहे, पण ते यश उंदरांमधलं आहे. आज रुग्णाला सांभाळते ती प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाची रोजची गोळी, आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही.