खाजकुयलीचे बी आणि लेवोडोपाची गोळी

पार्किन्सन (कंपवात) झालेल्या रुग्णाच्या घरी एक समजूत नेहमी आढळते: गोळी आधुनिक वैद्यकाची आणि चूर्ण आयुर्वेदाचे, दोन्हींचे मार्ग निराळे, त्यामुळे एकमेकांच्या आड येण्याचा प्रश्नच नाही. पुष्कळ औषधींच्या बाबतीत ही समजूत निदान तपासून पाहण्याजोगी असते. खाजकुयलीच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे. या बियांतले मुख्य कार्यकारी द्रव्य लेवोडोपा आहे आणि गोळीतलेही तेच आहे. म्हणून चूर्ण आणि गोळी बरोबर घेणे म्हणजे एकच औषध दोनदा घेणे. हे कसे घडले, ते समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता या नावाने ही वेल संहिताकाळापासून परिचित आहे. शेंगेवरच्या कुसांमुळे अंगाला जी आग होते ती म्युक्युनेन या प्रथिन तोडणाऱ्या विकरामुळे आणि सेरोटोनिनमुळे. बी मात्र बल्य आणि वाजीकर म्हणून वापरात राहिले. दुधात शिजवून, टरफल काढून, वाळवून चूर्ण करायचे ही त्याची शुद्धी. अंगाचा कंप वातव्याधींत वर्णिलेला आहे. पण खाजकुयली ही शतकानुशतके प्रामुख्याने कंपवातावरचे औषध होती असे सांगणे म्हणजे आजचे ज्ञान मागे नेऊन चिकटवणे होय. तिची ती ओळख पक्की झाली विसाव्या शतकात.

१९१३मध्ये मार्कुस गुग्गेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाकल्याच्या शेंगांतून लेवोडोपा वेगळा केला. स्वतः अडीच ग्रॅम खाऊन पाहिल्यावर त्याला जोराच्या ओकाऱ्या झाल्या. पुढे १९३७मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी मद्रासमध्ये खाजकुयलीच्या बियांतून हेच द्रव्य मिळवले. बी हाती होते, द्रव्यही ओळखले होते. तरी आणखी वीस वर्षे त्याचा उपयोग कुणाच्या ध्यानात आला नाही, कारण लेवोडोपापासून शरीरात बनणाऱ्या डोपामिनला, म्हणजे पेशींमधला निरोप वाहणाऱ्या द्रव्याला, मेंदूत स्वतंत्र काम आहे हेच ठाऊक नव्हते.

ते कळले तेही दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. सर्पगंधेतून १९५२मध्ये वेगळे झालेले रिसर्पिन रक्तदाबावर दिले जात होते. ते दिलेले ससे निश्चल पडून राहत. १९५७मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी अशा सशांना लेवोडोपा टोचला आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६०मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना पार्किन्सनने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूतील स्ट्रायटम या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात डोपामिन फारच कमी आढळले. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांच्या साथीने रुग्णांना शिरेतून लेवोडोपा दिला गेला. १९६७मध्ये जॉर्ज कोत्सियास यांनी तोंडावाटे, अगदी सावकाश मात्रा वाढवत, दिवसाला ३ ते १६ ग्रॅमपर्यंत डोपा देऊन दाखवला. ओकारीवर त्यांचा तोडगा एवढाच होता: घाई करायची नाही. सर्पगंधेची गोष्ट इथे केवळ इतिहास म्हणून येत नाही. ती मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करते, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला रक्तदाबासाठी किंवा झोपेसाठी सर्पगंधा असलेली वटी देऊ नये.

एवढ्या मोठ्या मात्रा का लागत? तोंडावाटे घेतलेल्या लेवोडोपाचे बरेचसे रूपांतर मेंदूत पोचण्याआधी आतड्यात, यकृतात आणि रक्तातच डोपामिनमध्ये होऊन जाते. हे डोपामिन मेंदूच्या आवरणापलीकडे जात नाही. ते बाहेरच राहून मळमळ आणि रक्तदाबाची घसरण घडवते. १९७०च्या दशकात हे रूपांतर मेंदूबाहेर रोखणारे कार्बिडोपा आणि बेन्सेराझाइड गोळीत मिसळले जाऊ लागले आणि लेवोडोपाची मात्रा सुमारे एकपंचमांशावर आली. चूर्ण आणि गोळी यांच्यातला सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा आहे, आणि नेमका तोच घरोघरी कुणी मांडत नाही.

खाजकुयलीवरचे आधुनिक प्रयोग याच काळात सुरू झाले. १९७८मध्ये मुंबईहून अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९५मध्ये ६० रुग्णांवरचा बहुकेंद्री अभ्यास आला. त्यात साडेसात ग्रॅमच्या पुड्या पाण्यात कालवून दिल्या होत्या आणि प्रत्येक पुडीत सुमारे २५० मिलीग्रॅम लेवोडोपा होता. सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००४मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर काटेकोर तुलना झाली. ३० ग्रॅम चूर्णाचा, म्हणजे सुमारे १००० मिलीग्रॅम लेवोडोपाचा, परिणाम सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला. २०० मिलीग्रॅम लेवोडोपा व ५० मिलीग्रॅम कार्बिडोपाच्या गोळीला ६९ मिनिटे लागली. चूर्णाचा अंमल ३७ मिनिटे जास्त टिकला आणि अनैच्छिक हालचाली वाढल्या नाहीत. १०००ला २००, पुन्हा पाचास एक. रुग्ण मात्र आठच आणि मात्रा एकेकच, हे विसरून या अभ्यासाचा हवाला देऊ नये.

आता हाच हिशेब घरात मांडू. कार्बिडोपाशिवाय घेतलेली २५० मिलीग्रॅम लेवोडोपाची पुडी साधारण ५० मिलीग्रॅमच्या गोळीइतकी. गोळी चालू असलेल्या माणसाच्या शरीरात मात्र कार्बिडोपा आधीच हजर असतो आणि तो लेवोडोपा कुठून आला हे पाहत नाही. त्यामुळे तीच पुडी १०० मिलीग्रॅमच्या दोन-अडीच गोळ्यांइतकी ठरू शकते. दिवसातून तीन गोळ्या, म्हणजे ३०० मिलीग्रॅम, घेणाऱ्याने दोन पुड्या जोडल्या की बेरीज ८०० होते. परिणाम: हातापायांच्या वळवळत्या हालचाली, उभे राहताना भोवळ, रात्री भास. घरचे लोक याला आजार वाढला असे समजतात आणि कधी कधी चूर्ण आणखी वाढवतात.

यातही एक मेख आहे. मेंदूबाहेरचे रूपांतर पुरते रोखायला दिवसाला ७० ते १०० मिलीग्रॅम कार्बिडोपा लागतो. १०० अधिक २५ची (लेवोडोपा १००, कार्बिडोपा २५ मिलीग्रॅम) गोळी तीनदा घेतली तर ७५ मिलीग्रॅम मिळतो. १०० अधिक १०ची घेतली तर फक्त ३०, म्हणजे रोखणे अर्धवट, आणि चूर्णाचा परिणाम मधेच कुठेतरी पडतो. म्हणून कोणती गोळी चालू आहे हे बघितल्याशिवाय चूर्णाची मात्रा सांगणे म्हणजे अंदाजपंचे काम. उलट बाजूचा धोका मोठा आहे. गोळी एकदम बंद करून चूर्णावर आले तर ताठरपणा, तीव्र ताप आणि शुद्ध हरपण्यापर्यंत जीवघेणी अवस्था येऊ शकते.

अनुपान, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचे, हाही प्रश्नच. दुधाबरोबर चूर्ण ही जुनी रीत, पण दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्ले लेवोडोपाशी आतड्यात आणि मेंदूच्या दारात स्पर्धा करतात. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास पाण्याबरोबर घ्यायला सांगतात ती याचसाठी. लोहाच्या गोळ्या लेवोडोपाला बांधून टाकतात, त्यामुळे दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर हवे. कार्बिडोपा नसताना मोठ्या मात्रेतले ब-६ जीवनसत्त्वही लेवोडोपाचा परिणाम घटवते.

मिश्र योगांत गुंता वाढतो. २०००मध्ये भारतातून प्रसिद्ध झालेल्या १८ रुग्णांच्या अभ्यासात कपिकच्छूबरोबर अश्वगंधा, बला आणि खुरासानी ओवा गाईच्या दुधात दिला होता. तपासणीत प्रत्येक मात्रेत सुमारे २०० मिलीग्रॅम लेवोडोपा निघाला. खुरासानी ओव्यात हायोसायमिन असते, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये मेंदुविकारतज्ज्ञ शार्को कंपावर हेच द्रव्य देत असत. कंपावरची आजची ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी त्याच मार्गाने काम करते. ती चालू असताना हा योग दिला तर वयस्क माणसाला लघवी अडणे, बद्धकोष्ठ आणि गोंधळलेपणा येतो.

विस्मृतीच्या आजारात हीच पुनरावृत्ती दिसते. गॅलँटामिन हे औषध स्नोड्रॉप या फुलझाडावरून आले. १९५०च्या दशकात बल्गेरियात दिमितार पास्कोव्ह यांनी ते घडवले, आणि अल्झायमरसाठी अमेरिकेत २००१मध्ये त्याला मान्यता मिळाली. चिनी वनस्पतीतून १९८०च्या दशकात मिळालेले हुपरझिन-ए पूरक म्हणून विकले जाते आणि डोनेपेझिल या विस्मृतीवरच्या औषधासारखेच अॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या निरोप्या द्रव्याचे विघटन थांबवते. दोन्ही बरोबर घेतल्यास नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. स्मृतीसाठी घेतला जाणारा गिंको या झाडाचा अर्क वेगळ्या मार्गाचा आहे, पण ३०६९ ज्येष्ठांवरच्या, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला २४० मिलीग्रॅम देऊनही विस्मृतीचा आजार जडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर तो घेऊ नये.

चूर्णात लेवोडोपा किती, यावर पुडीचे लेबल विश्वासार्ह धरता येत नाही. बियांतच तो साधारण ३ ते ६ टक्के, जातीनुसार बदलता. अमेरिकेतल्या १६ उत्पादनांच्या तपासणीत एका मात्रेमागे २पासून २४१ मिलीग्रॅमपर्यंत फरक निघाला. म्हणून वैद्य आणि मेंदुविकारतज्ज्ञ दोघांच्या संमतीने वापर ठरला तरी लेवोडोपाचे प्रमाण तपासलेले एकच उत्पादन धरावे, ते मध्येच बदलू नये. रुग्णाने आठवडाभर तासवार नोंद ठेवावी: गोळी केव्हा, पुडी केव्हा, अंमल केव्हा सुरू झाला, वळवळ केव्हा. गोळी कमी करायची की नाही ते ही वही पाहूनच ठरते.

गोळी परवडत नाही अशा ठिकाणी भाजलेल्या बियांचे चूर्ण द्यावे, ही कल्पना बोलिव्हियात तपासली गेली. १८ रुग्णांवरच्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकेक मात्रेच्या चाचणीत ते गोळीच्या तोडीचे ठरले. पुढच्या वर्षी १४ रुग्णांना १६ आठवडे दिले, तेव्हा निम्म्यांनी पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाल बिघडल्यामुळे ते मधेच सोडले. कार्बिडोपा नसल्याने मळमळ होते, हे गुग्गेनहाइमने १९१३मध्ये अनुभवले होते.