ख्रिस्ती आचरण (बेळगाव सीमाभाग)

ख्रिस्ती आचरण म्हणजे येशू ख्रिस्तावरचा विश्वास रविवारी चर्चमध्ये सोडून न येता सोमवार ते शनिवार बाजारात, शेतात, कारखान्यात आणि मुख्य म्हणजे घरात तोच घेऊन वागणं. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, याला 'साक्ष' म्हणतात. हा शब्द आमच्याकडे दोन अर्थांनी चालतो, एक म्हणजे उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, आणि दुसरा म्हणजे माणसाचं वागणं. "त्याची साक्ष बरी नाही" असं कुणाबद्दल म्हटलं की तो बोलायला कच्चा आहे असं कुणी समजत नाही, तो उधारी बुडवतो नाहीतर बायकोवर हात उचलतो असलं काहीतरी असतं हे सगळ्यांना कळतं.

मुळातच हा धर्म चालण्याचा आहे. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सुरुवातीच्या विश्वासणाऱ्यांना 'त्या मार्गाचे लोक' म्हटलंय, 'ख्रिस्ती' हे नाव नंतर अंत्युखियात पडलं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू मीठ आणि दिवा ही दोन उदाहरणं देतो, दोन्ही घरातली. तिथेच तो शपथा वाहू नका, तुमचं हो ते हो आणि नाही ते नाही असू द्या असंही सांगतो. आता आपल्याकडे बाजारात "आईशप्पथ एवढ्यालाच पडलंय" हे वाक्य दिवसात किती वेळा ऐकू येतं बघा, म्हणजे हे वचन पाळायला किती अवघड आहे ते कळेल.

विश्वास मोठा की कृती, यावर चर्चमध्ये फार जुना वाद आहे. प्रेषित पौल बायबलातल्या पत्रात इफिसकरांना लिहितो की तारण कृपेने आहे, कर्माने नाही, पण पुढच्याच ओळीत म्हणतो की सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय. याकोब हा दुसरा पत्रलेखक तर सरळ विचारतो, भाऊ उघडा आणि उपाशी असताना त्याला नुसतं "ऊब घे, पोटभर जेव" म्हणून पाठवलं तर काय उपयोग, कृतीशिवाय विश्वास मेलेला. प्रोटेस्टंट सुधारणेचा पुढारी मार्टिन लूथरला १५२२ मध्ये हे याकोबाचं पत्र फारसं पटलं नव्हतं, तरी खरा विश्वास रिकामा बसत नाही हे तोही सांगायचाच. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन चर्चनी यावर एकत्र निवेदनावर सह्या केल्या आणि २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. बेळगावात कॅथलिक आणि मेथडिस्ट दोन्ही मंडळ्या जुन्या आहेत, त्यामुळे ही काही लांबची गोष्ट नाही.

इतिहास थोडक्यात असा. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले, आजच्या बेनन स्मिथ हायस्कूलची सुरुवात १८३२ ची. १९०४ च्या सुमारास हे काम अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेलं. कॅथलिकांची सेंट पॉल शाळा १८५६ ची, आणि बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. गोव्याकडून आलेली कुटुंबं, खानापूर तालुक्यातली गावं, कॅम्प भाग, असे वेगवेगळे लोक, मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजी अशा चार भाषांत देवाचं नाव घेणारे. मेथडिस्टांना त्यांचा मूळ पुढारी जॉन वेस्लीने १७४३ मध्ये घालून दिलेले तीन नियम आहेत, कुणाचं वाईट करू नका, जमेल तेवढं भलं करा, उपासना-प्रार्थना सोडू नका. तिसरा पाळणारे भरपूर भेटतात, पहिल्या दोनात आपण सगळेच मागे पडतो.

माप आणि शीग

आचरण दिसतं ते व्यवहारात, आणि पवित्र शास्त्रही याबाबत अगदी बारीक बोलतं. नीतिसूत्रांत लिहिलंय की खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो. पासंग म्हणजे काय हे ज्यांनी जुना बाजार पाहिलाय त्यांना सांगायला नको, एका पारड्याखाली चिकटवलेला छोटासा तुकडा, दिसत नाही खरं दिवसभरात किलोभर माल वाचवतो. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी ओली पिशवी, जाड खोका हे प्रकार आहेतच.

आमची आजी खानापूर तालुक्यातली, घरचा तांदूळ गल्लीत मापट्याने विकायची. मापटं भरलं की दोनदा आपटायचं, तांदूळ खाली बसला की वर पुन्हा घालायचा, आणि शेवटी शीग लावायची, दाणे कडेने ओघळेपर्यंत. लूकच्या शुभवर्तमानात "दाबून, हालवून, शीग भरून" पदरी घालतील असं आहे ना, ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचे हातच दिसले. खरं एका वर्षी भात गेलं, घरात खाणारी तोंडं नऊ, तेव्हा तिने शेजारच्या बाईला हाताने सपाट करून माप दिलं. शेजारीण काही बोलली नाही. त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी, होतं, आणि मत्तयमध्ये आहे की वेदीजवळ भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आजी लुगडं नेसून तयार होती, चर्चची घंटा झाली होती, आणि ती कणगीतला तांदूळ पदरात घेऊन शेजारी गेली. उंबऱ्यातच म्हणाली, "परवा माप कमी पडलंय बाई, घे." त्या बाईनेही कशाला ओ, असूदे वगैरे केलं, पण घेतलं. आजी भक्तीला पोचली तेव्हा निम्मा संदेश झाला होता.

माझ्या मते ख्रिस्ती आचरणाचं मर्म इथे आहे. कधीच चूक न होणं हे कुणाला जमलेलं नाही, पण चूक झाल्यावर फक्त देवाची माफी मागून मोकळं व्हायचं नाही, ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जायचं. बायबलातल्या जक्कय जकातदाराने ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायची तयारी दाखवली ती याच कारणाने. कॅथलिक लोक कुमसार, म्हणजे पाद्रीजवळ पापांची कबुली, करतात त्यातही हेच आहे, चोरीचा माल परत करणं हा पश्चात्तापाचा भागच धरला जातो, नुसत्या प्रार्थना म्हणून तो सुटत नाही.

मजुरीचंही तसंच. याकोब आपल्या पत्रात पिकं कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडतेय असं लिहितो, आणि ऊसतोड चालू असलेल्या शिवारातून जाताना हे वाचून बघा. माझ्या काकांची गवंडीकामाची चार आठवड्यांची मजुरी एका कंत्राटदाराने अडवली होती, जो दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचा. काका नंतर कित्येक महिने चर्चला गेले नाहीत. पैसे शेवटी मिळाले, पण त्या माणसाला आमेन म्हणताना ऐकलं की ते मान खाली घालायचे. एका माणसाच्या वागण्याने दुसऱ्याची प्रार्थना तुटते, हे मी घरात बघितलंय.

उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात फाउंड्रीत काम करणारे बरेच विश्वासी आहेत. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत हवा अडकून भोक, पडलं की पुट्टी भरून, घासून, रंग मारून माल पुढे ढकलता येतो, वरून कुणाला कळत नाही. पौल कलस्सैकरांना सांगतो की जे काही करता ते माणसांसाठी नाही, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. तेव्हा तो पीस बाजूला काढणं, सुपरवायझरचं ऐकून घेणं, वेळ पडली तर त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह सोडणं हीसुद्धा उपासनाच, आणि माझ्या दृष्टीने दोन तासांच्या गाण्यांपेक्षा ती महाग आहे.

शेजार

गणपतीत शेजारून प्रसाद येतो, तो घ्यायचा का, यावर घराघरात वेगळी मतं आहेत. पौलाने करिंथकरांना अशाच, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाच्या प्रश्नावर बरंच लिहिलंय, त्याचा सूर असा की मोकळीक आहे पण ज्याचा विवेक दुबळा आहे त्याला ठेच लागू नये म्हणून सांभाळा. काही घरं प्रेमाने घेतात, काही हात जोडून नम्रपणे नको म्हणतात, दोन्ही चालतं, तोंड वाकडं करून दार लावणं मात्र चालत नाही. नाताळात आपल्याच करंज्या आणि नेवऱ्या त्यांच्या घरी जातात आणि ताट रिकामं परत येत नाही.

१ नोव्हेंबर हा इथे नाजूक दिवस. १९५६ पासून एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिवस, आणि चर्चच्या कॅलेंडरमध्ये तोच सर्व संतांचा सण. मराठी म्हणून जे वाटतं ते वाटतंच, ते लपवायचं कारण नाही. पण त्याच सकाळी कन्नड बोलणाऱ्या भावाशेजारी बसून एकाच पित्याला हाक मारायची, आणि बाहेर आल्यावर त्याच्याबद्दल शिवी द्यायची नाही, ही सीमाभागातल्या ख्रिस्ती माणसाची खास परीक्षा आहे जी पुण्या-मुंबईच्या मंडळीला द्यावी लागत नाही.

सगळ्यात अवघड जागा जातीची. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र भेद नाही हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन सगळ्यांना पाठ आहे, एका बाकावर बसतात, एका प्याल्यातून घेतात, पण लग्नाचं निघालं की "आपल्यातलं बघा" सुरू होतं आणि तेव्हा आपल्यातलं म्हणजे ख्रिस्ती असा अर्थ नसतो. हे चुकतंय, आणि पाळकसाहेबांनी वेदीवरून बोललं पाहिजे. आमच्या मंडळीत अलीकडे जात न बघता दोन लग्नं झाली. एकात मुलीचा मामा येणार नाही म्हणून बसला होता, मुलगी स्वतः दोनदा जाऊन बोलावून आली, आणि लग्नाच्या दिवशी तो पंगतीत भाताचं पातेलं घेऊन वाढायला उभा होता.