विडी ओढणाऱ्याने गाजराची गोळी का घेऊ नये

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूवर घरं चालतात आणि तंबाखूनेच छात्या खराब होतात. विडी सुटत नाही म्हटल्यावर काहीजण मेडिकलमधून अँटिऑक्सिडंटची बाटली आणतात. बाटलीवर गाजर-टोमॅटोचं चित्र असतं. हिशेब सरळ वाटतो: धुरामुळे पेशींचं ऑक्सिडीकरण होतं, गोळीने ते थांबेल, म्हणजे झुरकाही चालू आणि फुप्फुसही शाबूत.

फिनलंडमध्ये हा हिशेब तपासून झाला आहे. धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांपैकी काहींना बीटा-कॅरोटिन, म्हणजे गाजराचं रंगद्रव्य, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना औषध नसलेली गोळी 5 ते 8 वर्षं दिली. 1994 साली निकाल आला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, 18 टक्के जास्त निघाला. अमेरिकेत अशीच चाचणी सुरू होती. तिथे वाढ 28 टक्के दिसली आणि जानेवारी 1996 मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या 21 महिने आधीच, गोळ्या बंद कराव्या लागल्या.

असं का व्हावं? ऑक्सिडीकरण म्हणजे शत्रू, हा समज पेशीच्या गावीही नसतो. ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणं, आणि अणू-रेणूंमध्ये इलेक्ट्रॉनची देवघेव अखंड चालू असते. अन्नातून ऊर्जा काढताना मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतून, थोडे इलेक्ट्रॉन गळतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा तिखट रेणू तयार होतो. त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करणारं विकर (एन्झाइम) मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी 1969 साली दाखवून दिलं. पुढे कॅटलेज आणि ग्लुटाथायोनवर चालणारी विकरं त्या पेरॉक्साइडचं पाणी करतात. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू. इलेक्ट्रॉन देऊन तो रिता झाला की एनएडीपीएच नावाचा रेणू त्याला पुन्हा भरून देतो.

पण पेशी सगळंच पेरॉक्साइड संपवत नाही. थोडं तिला निरोप द्यायला लागतं: वाढ, जखम भरून येणं यांचे इशारे त्याच्यावर चालतात. जंतू गिळलेल्या पांढऱ्या पेशी तर मुद्दाम सुपरऑक्साइडचा मारा करतात. ते बनवणारं विकर जन्मतः बिघडलेलं असेल तर मुलाला एकामागून एक गंभीर संसर्ग होत राहतात. शिवाय सगळ्या पेशीभर एकच तोल नसतो. इन्सुलिनसारख्या प्रथिनाची घडी गंधकाच्या जोड्यांनी पक्की व्हावी लागते, म्हणून जिथे ती घडी बसते तो भाग मुद्दामच जास्त ऑक्सिडीकारक ठेवलेला असतो.

हा तोल राखणारी एक जोडी जवळून पाहण्यासारखी आहे: एनआरएफ-2 आणि कीप-1. एनआरएफ-2 हे प्रथिन केंद्रकात जाऊन संरक्षक विकरांची जनुकं चालू करतं. पण पेशी ते सतत बनवते आणि कीप-1 हे दुसरं प्रथिन त्याला पकडून लगेच मोडीत काढायला लावतं. अर्धं एनआरएफ-2 वीसेक मिनिटांत नाहीसं होतं. नळ सोडून ठेवायचा आणि पाणी सरळ मोरीत जाऊ द्यायचं, असा हा कारभार. आमच्याकडे ज्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे कुणी असं केलं तर शेजारीण सोडणार नाही! पण यात घाईच्या वेळची सोय आहे. कीप-1 वर सिस्टीन या अमिनो आम्लाचे, गंधक असलेले काही भाग आहेत. पेरॉक्साइड किंवा धुरातली तिखट रसायनं त्यांना जाऊन भिडली की कीप-1 चा आकार बदलतो आणि मोडतोड थांबते. म्हणजे मोरीचं भोक बुजतं. नवं बनलेलं एनआरएफ-2 साठतं आणि थोड्याच वेळात ग्लुटाथायोन बनवणारी यंत्रणा जोरात चालू होते.

कर्करोग नेमका याच जोडीचा फायदा उठवतो. फुप्फुसाच्या बऱ्याच गाठींमध्ये कीप-1 चं जनुक बिघडलेलं सापडतं. मग एनआरएफ-2 ला आवर राहत नाही आणि औषधं, किरणं यांचा मारा गाठ आरामात पचवते. ऑक्सिडीकरणाचा ताण रोगट पेशीलाही जाचतो, किंबहुना जास्तच. 2014 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी फुप्फुसात गाठी असलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही अँटिऑक्सिडंट दिली, तर गाठी झपाट्याने वाढल्या. कारण ताण कमी झाल्यावर पी-53 हे पहारेकरी प्रथिनही ढिलं पडलं. फिनलंडचं सगळं कोडं एवढ्याने सुटत नाही. धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटिनचे तुकडे होऊन तेच अपाय करत असावेत, असंही एक स्पष्टीकरण आहे. मात्र ताटातल्या गाजराला घाबरायचं कारण नाही. प्रश्न रोजच्या मोठ्या डोसाच्या गोळीचा आहे.

आता याची उलटी बाजू. रक्तातल्या तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया नाहीत आणि केंद्रकही नाही. तिला एनएडीपीएच मिळतं ते जी-6-पीडी या विकराच्या वाटेनेच. जगात सुमारे 40 कोटी लोकांमध्ये हे विकर जन्मतः कमी असतं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. एरवी त्यांना काही जाणवत नाही. पण समजा, खानापूरकडचा कुणी गोव्याला बांधकामावर जाऊन ताप घेऊन आला आणि रक्तात व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. यकृतात दडलेले जंतू मारायला 14 दिवस प्रायमाक्विन देतात, आणि हे औषध तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा भार टाकतं. जी-6-पीडी कमी असेल तर ग्लुटाथायोन पुन्हा भरत नाही, पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी गडद तपकिरी येते. या त्रासामागे जी-6-पीडी आहे, हे शिकागोच्या संशोधकांना 1956 साली उमगलं. गोळ्या चालू असताना असा रंग दिसला की त्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कोर्स सुरू करण्याआधी जी-6-पीडीची रक्ततपासणी करून घेता आली, तर ही वेळच येत नाही.