केल्मस्कॉटचे शेतघर आणि डागडुजीचा विचार

थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, ऑक्सफर्डशायर परगण्यात केल्मस्कॉट नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या एका दगडी घराला आज ‘केल्मस्कॉट मॅनर’ म्हणतात. मॅनर म्हटले की जहागीरदाराचा वाडा डोळ्यांपुढे येतो, पण हे घर मुळात शेतकऱ्याचे. टर्नर नावाच्या सधन शेतकरी कुटुंबाने ते १६०० च्या सुमारास बांधले. ‘मॅनर’ हे भारदस्त नाव त्याला चिकटले ते एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडच्या वारसा यादीत ते ग्रेड १ मध्ये आहे. यादीतल्या जेमतेम अडीच टक्के नोंदींना हा दर्जा मिळतो. शेतघराला तो कसा मिळाला, हे समजून घ्यायचे तर आधी त्याच्या छपराकडे बघावे.

छपरावर कौले आहेत ती मातीची नाहीत, चुनखडीच्या दगडाची आहेत. याच परगण्यातल्या स्टोन्सफील्ड गावी असा दगड फोडायची जुनी रीत होती. खाणीतून काढलेला दगड ओला ठेवायचा आणि थंडीत उघड्यावर मांडायचा. आत मुरलेल्या पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, दगडाचे थर सैल होतात आणि हातोडीच्या टोल्याने पातळ फरशा सुटतात. एखाद्या वर्षी पुरेसा गारठा पडलाच नाही, तर दगड वाळू नये म्हणून मातीखाली झाकून पुढच्या हिवाळ्याची वाट बघायची. या फरशांना भोक पाडून लाकडी खुंटीने त्या पट्ट्यांवर अडकवत. वळचणीला सर्वांत मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान होत जाणाऱ्या, कारण पागोळ्यांपाशी पाणी सर्वांत जास्त साठून येते. दगडाचे वजन पेलायला आत दणकट तुळया लागतात आणि पाणी झटकन ओघळून जावे म्हणून उतार तीव्र ठेवावा लागतो. म्हणजे घराचे रूप ठरवले ते दगडाने आणि पावसाने. बघणाऱ्याला मात्र ते नुसतेच सुंदर दिसते. कवी, कारागीर आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने या कौलांच्या रांगांना माशाच्या खवल्यांची आणि पक्ष्याच्या पिसांची उपमा दिली होती. याहून नेमकी उपमा मला तरी सुचत नाही.

भिंती अनगड चुनखडीच्या आहेत. खिडक्यांना दगडी उभे गज आहेत आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी खिडकीत शिरू नये म्हणून वर पुढे आलेली दगडी पट्टी आहे. सतराव्या शतकात टर्नर मंडळींची भरभराट झाली तेव्हा त्यांनी ईशान्येला नवा भाग जोडला. त्या भागाच्या माळ्याच्या खिडक्यांवर छोटे त्रिकोणी मुकुट आहेत. शहरातली अभिजात शैलीची फॅशन गावात पोचली, ती एवढ्याच खुणेपुरती. बाकी दगड तोच, कौले तीच, त्यामुळे जोड कुठे आहे ते चटकन कळतही नाही.

मॉरिस इथे आला १८७१ मध्ये. चित्रकार-कवी रोझेटी याच्याबरोबर त्याने घर भाड्याने घेतले. रोझेटी तीन वर्षांनी कायमचा निघून गेला, मॉरिस मात्र १८९६ मध्ये मरेपर्यंत भाडेकरू म्हणून राहिला. घर कधीच त्याच्या मालकीचे नव्हते. याच काळात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चचा जीर्णोद्धार जोरात चालला होता. ‘मूळ’ रूप आणायचे म्हणून शतकांचा गिलावा खरवडायचा, नंतरची बांधकामे पाडायची, झिजलेल्या कोरीव कामाच्या जागी नवे बसवायचे. केल्मस्कॉटपासून जवळच्या बर्फर्डच्या चर्चमध्ये मॉरिसने हे १८७६ मध्ये पाहिले. पुढच्या वर्षी ट्यूक्सबरीच्या ॲबीची, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चची, पाळी आली, तेव्हा त्याने वृत्तपत्रातून जाहीर विरोध केला आणि मित्रांसह प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ असे टोपणनाव पडले. तिचा आग्रह साधा होता. गळके छप्पर सांधा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, रोज लक्ष ठेवा, आणि काळाने जे केले ते पुसू नका. आपल्या भाषेत सांगायचे तर जीर्णोद्धार नको, डागडुजी करा.

कायदा मागून आला. १८८२ च्या पहिल्या कायद्यात स्टोनहेंजसारखी मुख्यतः प्रागैतिहासिक स्थळे होती. नांदत्या घरांना त्यात जागा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी शहरे उद्ध्वस्त झाल्यावर १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी इमारतींच्या याद्या करणे सुरू झाले. यादीतल्या इमारतीत फेरफार करायला स्वतंत्र संमती १९६८ पासून लागते; ती न घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. हे नियम आज १९९० च्या कायद्यात एकत्र आहेत. मालक स्वतः असला तरी खिडकी बदलण्याआधी विचारावे लागते, याचा लोकांना जाच होतो हे खरे. पण दगडी गज एकदा काढून फेकला की तो पुन्हा कुठून आणणार?

हा विचार आपल्याकडेही आला. कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, भारतात प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची नियमपुस्तिका काढली. नव्याने घडवण्यापेक्षा आहे ते टिकवा, हा तिचा गाभा मॉरिसच्याच वळणाचा. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीतही इमारतींना ग्रेड दिलेले आहेत. तरीही गावोगावी काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासला जातो, गाभाऱ्यात गुळगुळीत टाइल्स बसतात, आणि त्याला आपण श्रद्धेने जीर्णोद्धार म्हणतो. श्रद्धा खरी असते, म्हणूनच ते पाहताना जास्त वाईट वाटते.

मॉरिसच्या पत्नीने, जेनने, १९१३ मध्ये घर विकत घेतले. मुलगी मे हिने १९३८ मध्ये मरताना ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिले आणि १९६२ मध्ये ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेकडे आले. तोवर घराची पार रया गेली होती. साठच्या दशकात मोठी दुरुस्ती झाली, पुन्हा अलीकडे झाली, आणि २०२२ मध्ये दारे लोकांसाठी परत उघडली.

मॉरिसला गावच्याच चर्चच्या आवारात पुरले आहे. त्याच्या थडग्याचा दगड त्याचा जुना मित्र, वास्तुकार फिलिप वेब याने घडवला. तो दोन्ही बाजूंनी उतरता आहे, मधे आढे असलेल्या छपरासारखा.