फ्लायव्हील-क्लच जुळवणी (जुन्या मोटारींतील)

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन काढून दुसऱ्या जातीचे इंजिन बसवताना, नवे इंजिन आणि गाडीचा गिअरबॉक्स यांच्या मधले भाग मापाने व कामाने एकमेकांशी जमवून घेणे. फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचे जड चाक), त्याच्या कडेची दात्यांची रिंग, क्लच प्लेट (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती), ती फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबले की तो दाब सोडवणारी क्लच बेअरिंग, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारा पायलट बुश आणि हे सारे झाकणारे बेल हाउसिंग एवढा हा ऐवज. साखळी-पुलीवर इंजिन चढते तेव्हा वर्कशॉपपुढे माणसे जमतात. पण ती गाडी पुढे वर्षानुवर्षे चालणार की दर दोन महिन्यांनी पोटाखालून उघडावी लागणार, याचा निकाल या वीतभर जागेत लागतो.

मराठवाड्यात हे काम इंधनाच्या हिशेबातून रुजले. शौक मागून आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले. तालुक्याच्या गावाहून आडवळणाच्या वस्त्यांपर्यंत माणसे वाहणाऱ्या जीपला विलीज घराण्यातले २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन परवडेना. त्याच्या जागी मॅटाडोर व्हॅनचे डिझेल, महिंद्राचे २३५० सीसीचे डिझेल, पुढे २११२ सीसीचे प्यूजो इंजिन बसू लागले. अँबेसेडरमधल्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचीही तीच गत झाली. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, प्रीमियर पद्मिनी त्याच्या बरीच आधी बंद झाली. आता उरलेल्या गाड्या हौशी लोकांच्या हातात आहेत. त्यांतले काही जण डिझेल काढून परत पेट्रोल बसवतात, तर काहींना अँबेसेडरमध्ये तिचेच नंतरचे १८१७ सीसीचे इसुझू इंजिन हवे असते. जुळवणीचे नियम दोन्ही दिशांना तेच.

मूळ नियम एका ओळीत मावतो : फ्लायव्हील इंजिनाचे, प्लेटचा हब गिअरबॉक्सचा. फ्लायव्हील क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) टोकाशी बोल्टने आवळलेले असते. बोल्ट किती, ते किती व्यासाच्या वर्तुळावर आणि डोवेल पिन (जागा पक्की करणारी खुंटी) कुठे, हे इंजिनवाल्याने ठरवून टाकलेले असते. क्लच प्लेटचा मधला हब मात्र गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या क्लच शाफ्टच्या दात्यांवर सरकतो, म्हणून तो गिअरबॉक्सच्याच मापाचा लागतो. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलप्रमाणे निवडायची, कारण तिची भोके त्यावर असतात. क्लच बेअरिंगला दोघांचा मान राखावा लागतो : एका बाजूने तिला प्रेशर प्लेटच्या बोटांवर (दाब सोडवणाऱ्या पट्ट्यांवर) नीट टेकायचे असते, दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सच्या फोर्कमध्ये (तिला पुढे ढकलणाऱ्या काट्यात) बसायचे असते. बहुतेक फसलेल्या कामांत चूक एकच निघते. मालकाने एकाच गाडीचा ‘पूर्ण सेट’ विकत घेतलेला असतो आणि तो अर्ध्याच कामाचा ठरतो.

प्लेट निवडताना दात्यांची संख्या मोजून थांबणे पुरेसे नाही. दोन शाफ्टना दहा-दहा दाते असूनही त्यांचा व्यास वेगळा असू शकतो. तपासण्याची रीत साधी आहे. शाफ्ट उभा धरला की प्लेट स्वतःच्या वजनाने खाली सरकावी, आणि हाताने हलवली तर खडखडू नये. अडणारी प्लेट पेडल दाबूनही पूर्ण सुटत नाही, मग पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकताना करकर होते. हब एका जातीचा आणि लायनिंगचा (प्लेटवरच्या घर्षणाच्या अस्तराचा) व्यास दुसऱ्या जातीचा हवा असेल, तर क्लच प्लेटला लायनिंग करणारे कारागीर गिअरबॉक्सच्या प्लेटचा हब काढून इंजिनाच्या मापाच्या चकतीत रिव्हेट मारून देतात. काम विश्वासाच्या हातचे असेल तर ते टिकते. प्लेट उलटी बसवण्याची चूक मात्र जाणत्या हातूनही होते : हबची उंच बाजू बहुधा गिअरबॉक्सकडे असते, ती फ्लायव्हीलकडे गेली तर फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासते.

खरी कसोटी खोलीची. व्यास डोळ्यांना दिसतो, खोली दिसत नाही. इंजिनाच्या मागच्या तोंडापासून फ्लायव्हीलचा घर्षणपृष्ठ किती मागे येतो, त्यावर प्रेशर प्लेटची बोटे किती उंच उठतात, आणि गिअरबॉक्सच्या तोंडापासून क्लच बेअरिंग किती पुढे जाऊ शकते, या तीन मापांची बेरीज जमली पाहिजे. इंजिन व बेल हाउसिंगची भोके जुळत नाहीत म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट घालतात. तिची जाडी याच बेरजेत येते. १२ मिमीची पाटी घातली की गिअरबॉक्स १२ मिमी मागे गेला, क्लच शाफ्टचे नाकही तेवढेच मागे गेले. ते नाक क्रँकच्या टोकातल्या पायलट बुशमध्ये पुरेसे शिरले नाही तर शाफ्टला पुढचा आधार राहत नाही. प्लेट डुलते आणि गिअरबॉक्सची पुढची बेअरिंग लवकर जाते. उलट नाक क्रँकच्या तळाला टेकले तर बोल्ट आवळताना क्रँकवर मागून रेटा येतो. यावरचा इलाज सुदैवाने स्वस्त आहे. बाहेरून क्रँकच्या मापाचा, आतून शाफ्टच्या मापाचा, हवा तेवढा लांब ब्राँझचा बुश कोणताही बरा टर्नर लेथवर काढून देतो.

बेअरिंग आणि बोटे यांच्यात नव्या प्लेटवर थोडी फट ठेवावीच लागते, कारण लायनिंग झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटे बेअरिंगकडे सरकतात. सुरुवातीलाच फट नसेल तर काही महिन्यांत बेअरिंग बोटांवर कायमची टेकते, दाब कमी होतो आणि क्लच घसरू लागतो. मिस्त्री मग प्लेटला दोष देतो आणि नवी प्लेट टाकतो. तीही जळते.

जुने फ्लायव्हील फेस मारून (पृष्ठ लेथवर सपाट करून) घेताना खाचेचे फ्लायव्हील वेगळे ओळखावे. सपाट फ्लायव्हीलवर घर्षणपृष्ठ आणि प्रेशर प्लेट आवळायची कड एकाच पातळीवर असते. खाचेच्या फ्लायव्हीलमध्ये घर्षणपृष्ठ खोल असते. तिथे फक्त आतला पृष्ठ १ मिमी उतरवला तर प्रेशर प्लेटचा दाब तेवढा ढिला पडतो. कडही तेवढीच उतरवावी लागते.

रिंग आणि स्टार्टर यांचे नाते इंजिनाच्या बाजूचे, तरी इंजिनबदलात तेच हमखास विसरले जाते. स्टार्टर बेल हाउसिंगवर बसत असेल आणि बेल हाउसिंग जुन्या गाडीचे राहणार असेल, तर स्टार्टरच्या पिनियनचे (छोट्या दातेरी चाकाचे) दाते नव्या फ्लायव्हीलच्या रिंगच्या दात्यांशी आकाराने जमले पाहिजेत, आणि दोघांच्या केंद्रांतले अंतरही. जुन्या पेट्रोल गाड्यांत झटक्याने पिनियन फेकणारे स्टार्टर असत, डिझेलला सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने पिनियन ढकलणारा) स्टार्टर येतो. पिनियन ज्या बाजूने रिंगमध्ये शिरतो त्या बाजूच्या दात्यांची कड तासलेली असते. स्टार्टरची जात बदलली आणि रिंग तीच राहिली, तर पिनियन तासलेल्या बाजूऐवजी कोऱ्या धारेवर आपटू शकतो. रिंग बदलायला ती सारखी तापवून, फुगली की बसवतात. लालभडक होईतो तापवली तर दात्यांचे पाणी उतरते. फ्लायव्हीलवर वेल्डिंग मारून भोके भरणे हा प्रकार या भागात पाहायला मिळतो आणि तो सरळ धोक्याचा आहे. २८० मिमी व्यासाच्या फ्लायव्हीलची कड मिनिटाला ४,००० फेऱ्या असताना सेकंदाला सुमारे ५९ मीटर, म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगाने पळते. बिडाच्या चाकात वेल्डच्या शेजारी तडा असेल तर तो तिथून सुटतो, आणि बेल हाउसिंगच्या वर चालकाचे पाय असतात.

क्लचची ताकद किती लागेल याचा अंदाज कागदावर घेता येतो. एका प्लेटच्या क्लचला दोन घर्षणपृष्ठे असतात. घर्षणांक, दाब आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट केली की क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलेल ते कळते. बाहेरून २००, आतून १३० मिमीची प्लेट, ४,००० न्यूटन दाब आणि ०.३ घर्षणांक धरला तर सुमारे १९८ न्यूटन-मीटर येतात. तोच दाब ठेवून प्लेट २२५ व १५० मिमीची केली की आकडा २२५ होतो. इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा सव्वा ते दीडपट क्षमता असली की भागते. त्याहून कडक स्प्रिंग घालण्याचा मोह होतो, पण त्याची किंमत डाव्या पायाला आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरला (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीला) मोजावी लागते.

फ्लायव्हीलच्या वजनाबद्दल हौशी लोकांत एक गैरसमज आहे की हलके म्हणजे चांगले. डिझेलचे झटके मोठे असल्याने त्याला जड चाक लागते, तेच पेट्रोलला सुस्त करते. पण फार हलके केले तर गाडी गर्दीत उठताना बंद पडते. वजन कडेला असेल तर परिणाम जास्त : तेवढ्याच वजनाचे चाक त्रिज्येने एक दशांश मोठे केले की त्याचे जडत्व २१ टक्क्यांनी वाढते.

स्थानिक व्यवहारात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. महिंद्राचे २३५० इंजिन इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावरून आलेले, त्यामुळे नांदेड, परभणी, जालना इथल्या मोंढ्यांच्या आसपासच्या ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानांत त्याचे भाग शोधण्याची सवय आहे. पिस्टन-लायनरपर्यंत हे एक वेळ ठीक. ट्रॅक्टरचे फ्लायव्हील आणि क्लच नांगराच्या कामासाठी घडवलेले, ते जीपच्या बेल हाउसिंगमध्ये कोंबू नयेत. दुसरी गोष्ट काळ्या मातीची. अडॅप्टर लावताना खालची पत्र्याची झाकणी फेकून दिली जाते, मग पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल आत शिरतो आणि उन्हाळ्यात त्याची भुकटी लायनिंग खरवडते.

अचूक कामाची सोय आता जवळ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूज औद्योगिक वसाहतींत, विशेषतः १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आल्यानंतर, वाहनांचे सुटे भाग करणारी पुष्कळ वर्कशॉप उभी राहिली. डायल गेज लावून फ्लायव्हीलचा डगमग तपासणे (साधारण ०.१ मिमीच्या आत असावा) आणि प्रेशर प्लेटसह ते बॅलन्स करून घेणे तिथे अवघड नाही. बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाचे केंद्र क्रँकच्या केंद्राशी जुळते का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. अडॅप्टर डोळ्याच्या अंदाजाने कापलेला असेल तर सगळे भाग नवे टाकूनही प्लेटचा हब फाटतो.

शक्य असेल तिथे इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेणे हा सर्वांत शहाणा मार्ग. अँबेसेडरमध्ये तो जमतो. अडचण मग जॉइंट शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी आणि गिअर लिव्हरची जागा एवढीच उरते. जीपमध्ये तो सहसा जमत नाही, कारण तिचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीला) जोडलेला असतो.

कायद्याने इंजिनबदल मोकळा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळेनासा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे भाग आहे. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी दिली, पण तिची अट चेसिस, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असण्याची आहे. त्यामुळे पूर्वी भंगारात किलोने गेलेली पेट्रोल इंजिने आता शोधली जातात. ज्यांनी ती जपली, त्यांनीही बहुधा नुसता ब्लॉक जपलेला असतो. मूळ फ्लायव्हील कधीच कुठल्यातरी दुसऱ्या जीपला गेलेले असते.