जखमीला उचललं म्हणून पोलीस केसमध्ये अडकत नाही

"हात लावू नकोस, लफड्यात अडकशील." मुंबई-गोवा महामार्गावर हे वर्षानुवर्षं ऐकतोय. कशेडी घाटात, भर पावसात, आडव्या पडलेल्या दुचाकीचं मागचं चाक अजून फिरत होतं. तीन गाड्या हळू झाल्या, काच खाली न करताच निघून गेल्या. तिसरी आमची.

येशूच्या बोधकथेत यरीहोच्या वाटेवर लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाला बघून याजक (पुजारी) आणि लेवी (मंदिराचा सेवक) असेच बाजूने गेले. थांबला तो शोमरोनी, यहुद्यांना नकोसा असलेला. त्या दिवशी याजक आम्हीच होतो.

आणि भीती खोटी होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. निःस्वार्थपणे मदत केली आणि जखमीचं पुढे बरंवाईट झालं, तरी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी तुमच्यावर येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, तुम्हीच ठरवायचं. दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, भरतीचे पैसे मागू शकत नाही. शोमरोन्याने तर त्या जखमीसाठी उतारशाळेत, म्हणजे मुक्कामाच्या जागी, पदरचे पैसे मोजले होते!

रुग्णवाहिकेसाठी १०८, हा फोनही मोफत आहे.